नोव्हेंबरच्या आत कशासाठी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक एकविसाव्या वर्षात आहे. घर पुण्यात, कर्वेनगरला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) तो लष्कराचा कॅडेट असून सध्या सहापैकी पाचव्या टर्ममध्ये आहे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. वडील बँकेत आहेत. मुलाने इंजिनिअर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, पण त्याने हट्टाने एनडीएची परीक्षा दिली. तिसऱ्या टर्ममध्ये नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाले, बरेच ट्रेनिंग बुडाले आणि तो रेलिगेट झाला, म्हणजे एक टर्म मागे पडला. त्याच्या मूळच्या कोर्सची मुले येत्या नोव्हेंबरअखेर पास आऊट होतील. तो स्वतः पुढच्या मे महिन्यात. गेल्या सुटीत एका मित्राच्या संख्याशास्त्राच्या वह्या वाचताना आपले खरे मन इथे आहे असे त्याला वाटले. ऑगस्टपासून झोप आणि जेवण उडाले आहे. तो लिहितो: "नोव्हेंबरच्या आत निर्णय झालाच पाहिजे. सोडले तर पळपुटा ठरेन, राहिलो तर खोटा ठरेन. तीन वर्षे फुकट जातील ती वेगळीच. आणि ज्यांच्याशी भांडून इथे आलो, त्या बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे आठ पानी पत्र मी तीन वेळा वाचले. माझ्या वयाच्या माणसाने तुम्हाला एरवी 'तू'च म्हटले असते. परंतु जो निर्णय तुम्ही स्वतःच्या नावावर घ्यायला निघाला आहात तो पुरत्या वाढलेल्या माणसाचा आहे, म्हणून 'तुम्ही' म्हणतो. तुमची ओळख पटेल असे तपशील वरच्या सारांशात बदलले आहेत.

निर्णयाकडे वळण्याआधी एक गोष्ट बोलणे भाग आहे. पहाटे तीनला जाग येते, मेसमध्ये ताटावर बसल्यावर घास उतरत नाही, आणि 'कधी कधी सकाळ होऊच नये असे वाटते', असे तुम्ही पाचव्या पानावर लिहिले आणि पुढच्याच ओळीत विषय बदलला. मी तो बदलू देणार नाही. या वाक्याचा अर्थ सकाळच्या पीटीचा कंटाळा एवढाच असेल तर फार बरे. पण त्यात जगणे नकोसे झाल्याची छटा असेल, तर हे पत्र बाजूला ठेवून आजच कोणाशी तरी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. सैन्यदलांतील लोक आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी याच सेवेचा एक स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून आपल्या पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला आहे. डॉक्टरकडे गेलो तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची लष्करी श्रेणी, खाली जाईल, ही धास्ती कॅडेटांमध्ये असते हे मी जाणतो. तुम्ही तर पायाचे दुखणेही याच धास्तीने तीन आठवडे लपवले होते, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि त्याची किंमत एका टर्मने मोजली. मनाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करू नका. अडीच महिन्यांच्या जागरणावर घेतलेला निर्णय, मग तो राहण्याचा असो वा जाण्याचा, निम्मा त्या जागरणाचा असतो.

आता तुमच्या 'नोव्हेंबर'विषयी.

हा शब्द तुमच्या पत्रात सात वेळा आला आहे. नोव्हेंबरच्या आत ठरवायला हवे, नोव्हेंबर उजाडायच्या आत बाहेर पडायला हवे, नोव्हेंबरनंतर उपयोग नाही. मी बराच वेळ विचार करत बसलो की या महिन्यात असे काय आहे. तुमची टर्म तेव्हा संपते हे खरे, पण डिसेंबरच्या सुटीत किंवा जानेवारीत निर्णय घेतल्याने तुमच्या अभ्यासक्रमात, गुणांत किंवा पुढच्या प्रवेशात काहीच बिघडत नाही. पुण्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश साधारणपणे उन्हाळ्यानंतरच होतात. नोव्हेंबरच्या अखेरीस फक्त एक गोष्ट घडणार आहे. ज्या मुलांबरोबर तुम्ही पहिल्या टर्मचा रगडा काढला, ज्यांच्याबरोबर घरी जायला किती दिवस उरले याचा हिशोब, तुमच्या भाषेतला 'डीएलटीजीएच', रोज रात्री केला, ती मुले पास आऊट होण्याच्या परेडमध्ये 'अंतिम पग', म्हणजे प्रबोधिनीतल्या शेवटच्या पावलाची रेषा, ओलांडून जातील, आणि तुम्ही आपल्या स्क्वॉड्रनच्या, म्हणजे कॅडेटांच्या तुकडीच्या, रांगेत उभे राहून ते पाहाल. माझा समज चुकीचा असला तर मला जरूर कळवा. परंतु मला असे दिसते की तुम्हाला प्रबोधिनी सोडायची आहे की नाही हा एक प्रश्न आहे आणि ती परेड पाहायची नाही हा दुसरा, आणि दुसऱ्याने पहिल्याची मुदत ठरवून टाकली आहे.

रेलिगेट होण्याचे दुःख लहान नाही. कालपर्यंतचे कोर्समेट आज सीनियर होतात, नव्या कोर्सची मुले चांगली असली तरी त्यांच्या आठवणींत आपण नसतो, आणि हाड सांधले तरी ही जागा दुखत राहते. या दुःखाला त्याच्या नावाने हाक मारा. त्याला 'मला सैन्यात रस उरला नाही' असे म्हटले की ते एक फार मोठे आणि न उलटवता येणारे रूप घेते. म्हणून माझी पहिली सूचना अशी की ती परेड पाहा. दोस्तांना निरोप द्या, हवे तर रडा, आणि मग डिसेंबरच्या सुटीत, घरच्या अंथरुणात आठ-दहा रात्री नीट झोप झाल्यावर, हाच प्रश्न पुन्हा हातात घ्या. तेव्हाही उत्तर 'सोडायचे' असेच आले, तर त्या उत्तराचा मान राखा.

कारण सोडणे म्हणजे पळणे, हे तुमचे गृहीतक मला मान्य नाही. ज्याच्या भरवशावर दुसरे उभे आहेत ती जागा सोडतो तो पळपुटा. तुमच्या भरवशावर अजून कोणी उभे नाही. सगळे सुरळीत झाले तर मे महिन्यात इथून, त्यानंतर डेहराडूनला भारतीय सैन्य अकादमीत एक वर्ष, आणि मग खांद्यावर दोन तारे, म्हणजे असे लोक पावणेदोन वर्षांनी असतील. शपथही तेव्हाच घ्यायची आहे. ज्याला आतून हे काम नको आहे त्याने ते त्या दिवसाच्या आधी सांगणे, हे त्या न भेटलेल्या तीस-पस्तीस जवानांशी इमान राखणे आहे. तुमच्या आजोबांनी आपल्या पलटणीत असे अधिकारी पाहिले असतील ज्यांच्यामागे माणसे डोळे झाकून गेली, आणि कदाचित असेही, ज्यांचे मन दुसरीकडेच होते. आजोबा आज असते तर कोणत्या गोष्टीची त्यांना जास्त लाज वाटली असती, याचा विचार तुम्हीच करा.

तेव्हा मुळात तपासायचे आहे ते हे की नकोशी झाली आहे ती प्रबोधिनी की हा पेशा. दोन्हींची सरमिसळ तुमच्या पत्रात ओळीओळीत झाली आहे. पहाटेचा फॉलिन म्हणजे रांगेतली हजेरी, शिक्षेची धावपळ, फ्रंट रोलच्या कोलांट्या, ओल्या पावसाळ्यात न वाळणारे बूट, वर्गात पापण्या मिटू नयेत म्हणून उभे राहणे: हे सारे प्रबोधिनीचे आहे आणि ते संपते. पेशा म्हणजे काय, तर कुठल्याशा चौकीवर तुमच्या हाताखालच्या एखाद्या शिपायाची बायको आजारी आहे, रजा एकालाच देता येते आणि मागणारे तिघे आहेत, हे ठरवणे. वयाने दुप्पट असलेल्या सुभेदाराचे ऐकायचे कधी आणि त्याला नाही म्हणायचे कधी, हे ओळखणे. दर दोन-तीन वर्षांनी बाडबिस्तरा उचलणे. आणि एखाद्या दिवशी असा हुकूम देणे किंवा पाळणे, ज्यातून कोणी परत न येण्याची शक्यता आहे. या दुसऱ्या यादीवर तुमच्या आठ पानांत मला एकच वाक्य सापडले: "मला माणसांचे नेतृत्व करायचे आहे की नाही हेच कळत नाही." बाकी सगळे पत्र वाया गेले तरी चालेल, हे वाक्य जपून ठेवा आणि सुटीभर त्याच्याशीच बोला.

या वाक्याच्या मागेपुढे तुम्ही नकळत काही पुरावाही ठेवला आहे. चौथ्या पानावर सिंहगडाच्या चढाची हकीकत आहे. दुसऱ्या टर्मच्या एका मुलाच्या टाचेला फोड येऊन मोज्यातून रक्त उतरले होते, तुम्ही त्याचे ओझे आपल्या पाठीवर घेतले, त्याच्या पावलाने चाललात, आणि स्क्वॉड्रनचा वेळ बिघडल्याबद्दल नंतर बोलणी खाल्लीत. "वर पोचल्यावर त्याने बाटलीतले शेवटचे पाणी मला दिले," एवढेच तुम्ही लिहिले आहे. आणि सहाव्या पानावर मित्राच्या वहीतली संभाव्यतेची उदाहरणे आहेत. रात्री दोनपर्यंत पंख्याखाली बसून सोडवलेली, आईने दोनदा दिवा मालवायला सांगूनही. आठ पानांपैकी या दोन ठिकाणी तुमचे अक्षर मोकळे झाले आहे, आणि या दोन्ही ठिकाणी तुम्ही स्वतःविषयी तक्रार करायला विसरला आहात. मी यातून निष्कर्ष काढणार नाही. तुम्ही मात्र यांतले एकच पान पुरावा म्हणून धरले आणि दुसरे नजरेआड केले, ते न्यायाचे नाही.

गणित आणि सैन्य यांचे वैर आहे, हेही तुम्ही धरून चालला आहात. सिग्नल्स (संदेशवहन), इंजिनिअर्स, ईएमई (विद्युत व यांत्रिक अभियांत्रिकी) या शाखांचे अधिकारी महू, आपली दापोडी आणि सिकंदराबाद येथील लष्करी संस्थांत अभियांत्रिकी शिकतात; निवडक अधिकाऱ्यांना आयआयटींत एम.टेक.साठी पाठवले जाते. पण केवळ या आशेवर राहू नका, कारण शाखा डेहराडूनला ठरते आणि ती नेहमीच मनासारखी मिळते असे नाही. उद्या पायदळ मिळाले तरी चालेल, असे म्हणता येत असेल तरच हा विचार कामाचा. त्याचप्रमाणे मित्राच्या वहीत मित्राची काळजी लिहिलेली नसते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसावे लागेल, कोणी उठवायला येणार नाही, आणि 'एनडीए का सोडले?' हा प्रश्न दोन वर्षे तरी प्रत्येक ओळखीचा माणूस विचारील. त्याचे एका वाक्याचे खरे उत्तर तयार असले की तो बोचत नाही.

तीन वर्षे फुकट जाण्याबद्दल मी फार बोलणार नाही. गेलेली वर्षे पुढच्या तीस वर्षांचे कारण होऊ शकत नाहीत.

व्यवहाराकडे मात्र बारकाईने पाहू, कारण तुमच्यासारख्या इतरांनाही त्याची गरज आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी जो बॉण्ड सही केला त्याचा आशय असा, की कॅडेटच्या स्वतःच्या हातातल्या कारणाने त्याने अभ्यासक्रम पुरा होण्याआधी प्रबोधिनी सोडली, किंवा देऊ केलेले कमिशन, म्हणजे अधिकारीपद, नाकारले, तर शिक्षण, भोजन, कपडे, वेतन व भत्ते यांवर झालेला खर्च शासन ठरवील त्याप्रमाणे पूर्ण किंवा अंशतः परत करावा लागतो. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. पदवी पदरात पाडून घेऊ आणि मग डेहराडूनला नाही म्हणू, असा तुमचा तिसरा मार्ग बॉण्डमधून सुटत नाही. उलट खर्चात आणखी एका टर्मची भर पडते. तरीही तो मार्ग मी मोडीत काढत नाही. अवघी एक टर्म उरली असताना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची बी.एस्सी. हातात असणे आणि केवळ बारावीचे प्रमाणपत्र हातात असणे, यांत फार अंतर आहे, संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वाटेवर ही पदवी कितपत चालेल, हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागात जाऊन सुटीतच विचारता येईल. पदवीसाठी थांबणे लबाडीचे ठरेल ते तुम्ही मनातली द्विधा लपवून, ज्युनिअरांपुढे उत्साहाचे सोंग आणत सहा महिने काढलेत तर. तुमच्यावर देखरेख करणाऱ्या डिव्हिजनल ऑफिसरना तुमच्या मनाची स्थिती ठाऊक असेल, तर त्यात लपवाछपवी उरत नाही.

कमिशन घेऊन मग बघू, हा चौथा मार्ग मात्र मला सर्वांत धोक्याचा वाटतो. अधिकाऱ्याचा राजीनामा शासनाने मंजूर करावा लागतो. तो त्याचा हक्क नसतो, आणि निवृत्तिवेतनाला वीस वर्षांची सेवा लागते. मनाविरुद्ध आत गेलेल्या माणसासाठी ती फार लांबची वाट आहे.

पैशाचा आकडा ऐकीव गोष्टींवरून धरू नका. सीनियर सांगतात ते आकडे एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. आज सोडल्यास किती, मे महिन्यात सोडल्यास किती, हप्त्यांची सोय आहे का, आतापर्यंतच्या टर्मच्या गुणपत्रिका प्रमाणित करून मिळतील का आणि त्यांचे श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात नेता येतील का, हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरेही लेखी घ्या. राजीनाम्याच्या अर्जावर सही त्यानंतरची गोष्ट. आणि 'नंतर वाटले तर सीडीएस', म्हणजे पदवीनंतरची सैन्यप्रवेशाची परीक्षा, 'देईन' असे मनात असेल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेतील पात्रतेच्या अटी आधी वाचून घ्या. एखाद्या प्रबोधिनीतून राजीनामा दिलेल्या किंवा शिस्तीच्या कारणावरून काढलेल्या उमेदवारांविषयी त्यांत वेगळी कलमे असतात. परतीचे दार उघडे आहे असे धरून दार ओढू नये.

बोलायचे कोणाशी, हेही तुम्ही विचारले आहे. डिव्हिजनल ऑफिसरना भेटाच, पण अर्ज घेऊन जाऊ नका. 'सर, मला सल्ला हवा आहे' एवढे म्हणून बसा. त्यांच्या नोकरीत असे बसलेले तुम्ही पहिले कॅडेट नसाल. याखेरीज चार-पाच वर्षे पलटणीत काढलेला एखादा तरुण कॅप्टन गाठा, तुमच्याच स्क्वॉड्रनचा जुना असला तर उत्तम, आणि त्याला शौर्याच्या कथा न विचारता मागचा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला ते विचारा. शक्य असेल तर प्रबोधिनी सोडून गेलेल्या एखाद्याशीही बोला. आमच्या पिढीतल्या निवृत्तांचे ऐका, पण त्यांच्या सल्ल्याला थोडे कमी वजन द्या. आम्हाला गेलेले दिवस फार गोड दिसतात.

हे सदर वाचणाऱ्या पालकांसाठी थोडे लिहितो, कारण बारावीची मुले आणि आता मुलीही मोठ्या उमेदीने या परीक्षेला बसतात. मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी तिच्यातील १७ जणी पास आऊट झाल्या, तेव्हा हे पत्र कोणाच्या लेकीचेही असू शकते. बॉण्डवर सही करण्याआधी तो मुलासोबत बसून, मोठ्याने, एकेक ओळ वाचा. आणि फोनवर 'कसा आहेस?' याचे उत्तर सतत 'मस्त' असे एका शब्दात येऊ लागले, तर पुढच्या भेटीच्या दिवशी डब्याबरोबर थोडा मोकळा वेळही घेऊन जा.

राहता राहिले बाबा. तुम्ही लिहिता की सही करताना ते एवढेच म्हणाले, "तू वाचलेस ना? मग झाले." आणि पुढे, दिवाणखान्यात आजोबांच्या फोटोशेजारी त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला आहे, तुमच्या कमिशनच्या फोटोसाठी, प्रत्येक सुटीत तुमची नजर त्या रिकाम्या खिळ्यावर जाते. तुम्हाला तो खिळा मागणीसारखा दिसतो. मला त्यात एक माणूस दिसतो, ज्याला मुलाचा निर्णय पटला नव्हता आणि तरी ज्याने तो मनापासून स्वीकारला. हे त्याने एकदा केले आहे. दुसऱ्यांदा करू शकणार नाही असे तुम्ही परस्पर ठरवून टाकले, आणि त्यांना विचारलेलेही नाही. शिवाय सही त्यांची आहे, पैशाचा भार त्यांच्यावर येणार आहे. निर्णय झाल्यावर कळवण्याच्या यादीत त्यांचे नाव शोभत नाही. डिसेंबरच्या सुटीत, पहिल्या दोन-चार दिवसांतच, 'मी सोडतोय' किंवा 'मी राहतोय' यांपैकी काहीही न ठरवता त्यांच्यासमोर बसा आणि पाचव्या पानापासून सांगायला सुरुवात करा: झोप, जेवण, परेड, मग बाकीचे. ते पहिल्यांदा चिडतील, गप्प बसतील, कदाचित 'मी तेव्हाच सांगितले होते' असेही म्हणतील. ते वाक्य ऐकून घ्या. तेवढा त्यांचा हक्क आहे. त्याला उत्तर देऊ नका आणि उठूनही जाऊ नका. त्या वेळी आई घरात असू द्या, पण आईकरवी सांगू नका.